भांगाला जाऊ

त्या वर्षी बोंबलांनी मनोरीच्या कोळीवाड्याला तोंडघशी पाडलं. दिवाळीपासून मासळी वाळवायच्या वलांड्या उभ्या होत्या, पण त्या बांबूंवर बोंबील कमी आणि कावळेच जास्त. होळीला होड्या रंगवून झाल्या, मिरवून झाल्या, तरी दर्या हात सैल करायला तयार नव्हता. अनंताच्या होडीवरचे खलाशी वैतागून आपापल्या गावी निघून गेले. आणि ते गेल्यावर, चैत्रात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना जवळा आला. देणाऱ्यानं दिलं, पण घ्यायला हात उरले नव्हते तेव्हा दिलं.

जवळा म्हणजे नखाएवढी कोलंबी. ओला असतो तेव्हा टोपलीत राखाडी लगदा दिसतो, आणि वाळला की कोंड्यासारखा हलका होतो. त्याचं एक आहे, तो कुणासाठी थांबत नाही. होडीतून उतरला की खळ्यावर पसरायचा, खराट्यानं फिरवत राहायचं आणि एका उन्हात वाळवून उचलायचा. उशीर झाला की लाल पडतो, घाण मारतो, आणि माणसाच्या ताटात जायचा तो कोंबड्यांच्या खाद्यात जातो. म्हणून जवळा आला की घरातलं हिंडतं-फिरतं प्रत्येक माणूस खळ्यावर. अनंताच्या घरात अशी तीन माणसं होती. बायको मंजुळा, शेजारच्या खोपटात राहणारी त्याची विधवा बहीण सुगंधा, आणि शाळेला सुट्टी लागलेली एकुलती एक पोर नमिता.

नमिता बारा वर्षांची, अंगानं भरलेली, कमरेपर्यंत केस. केसांचं मुद्दाम सांगायचं, कारण ते दुसऱ्यांदा आलेले होते. सातव्या वर्षी पोरीला ताप आला तो जाईना, आणि अंधेरीच्या इस्पितळात रक्ताचा कॅन्सर निघाला. त्या घरात हा शब्द कुणी ओठांवर आणत नसे. ‘मोठं दुखणं’ म्हणायचे. मोठ्या दुखण्याची औषधं जवळजवळ तीन वर्षं चालली. पोरीचे केस गेले, भुवया गेल्या, तोंड आतून सोललं, आणि मग हळूहळू सगळं परत आलं. औषधं थांबली. आता दर तीन महिन्यांनी नुसतं दाखवायला जायचं. दुखणं मागं फिरून येतं का, ते बघायला.

त्या दाखवायच्या दिवसांनी मंजुळाचा जीव खाल्ला होता. तारीख जवळ आली की तिला घास गिळवत नसे. गंधाली मॅडम म्हणजे तिथल्या डॉक्टरीण. त्या नमिताचा गळा चाचपायच्या, काखा चाचपायच्या, पोट दाबून बघायच्या. मंजुळा पोरीकडे बघत नसे, त्यांच्या बोटांकडे बघत असे. बोटं एखाद्या जागी जरा जास्त रेंगाळली की हिच्या काळजाचं पाणी व्हायचं. मग रक्त घ्यायचे, मग बाकड्यावर बसून राहायचं, आणि शेवटी मॅडम बाहेर येऊन म्हणायच्या, छान आहे, पुढच्या तारखेला या. परत येताना मार्व्याच्या धक्क्यावर मायलेकी बर्फाचा गोळा खायच्या आणि बोटीत बसायच्या. दुधानं तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात, मंजुळा पाणीसुद्धा फुंकून पीत होती. दोन वर्षं तिनं एकही तारीख चुकवली नाही.

ह्या वेळची तारीख गुरुवारची होती आणि गुरुवार चैत्री पुनवेला लागून आला होता.

आता कोळ्याचं कॅलेंडर निराळं असतं. पुनव-अवसेला दर्याला उधाण, पाण्याला ओढ, आणि त्या ओढीवरच डोलजाळ्याच्या तोंडात मासळी शिरणार. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी मरतं, जाळं नुसतं लोंबतं, माणसं घरी बसून जाळी विणतात. त्यामुळे कोळीवाड्यात लग्नाची खरेदी, दाढदुखी, सरकारी कचेरी, सोयरिक, सगळं भांगाला. उधाण सोडून कुणी दाढ काढायला गेला तर त्याला वेड्यात काढतील. इस्पितळाला मात्र ना उधाण ठाऊक ना भांग. त्यांचा गुरुवार म्हणजे गुरुवार.

अनंतानं जाळं होडीत भरता भरता विचारलं, "गुरवारी पोरीची तारीख हाय ना?"

"हाय. पन पुनवेचा उधान हाय. जवळा कोन उचलंल? भांगाला जाव."

अनंता थोडा थांबला. आजवर हिच्या तोंडून असं कधी आलं नव्हतं. "चालंल?"

"पोरीकडं बग ना जरा. चालंल."

अनंतानं पोरीकडे बघितलं. ती खळ्याच्या कडेला उभी राहून सुगंधाला खराटा मारून दाखवत होती आणि हसत होती. त्यानं जाळं उचललं.

खरं सांगायचं तर जवळा हे निमित्त होतं. मंजुळाला भ्यायचा कंटाळा आला होता. एवढी दोन वर्षं भिऊन झालं, पोर लाल गाजरासारखी झाली, मग एकदा, एकच हंगाम, चारचौघींसारखं उन्हात राबावं, सांजेला भाकरी खावी आणि पडल्या पडल्या झोप लागावी, एवढंच तिला हवं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. जवळा आहे, उधाण आहे, एवढंच सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

पुनवेचं उधाण दणदणीत गेलं. अनंता एकटाच जाळं ओढायचा, हाताची साल निघेपर्यंत ओढायचा. होडी लागली की मंजुळा पाटी डोक्यावर घेऊन चिखलातून वर, ओतायची आणि परत खाली. नमिता आणि सुगंधा खळ्यावर बसून पसरायच्या, त्यातले खेकडे, म्हाकुळाची पिल्लं, काड्या वेचून काढायच्या. ऊन असं की खळ्यावर पाय टेकवेना. पोरीची पाठ मिठानं पांढरी झालेली, पण ती कुरकुर करत नव्हती. मोठ्या माणसांत आपल्याला धरलं ह्याचाच तिला आनंद होता. इतकी वर्षं तिला कुणी काही उचलू देत नव्हतं. मंजुळाला वाटलं, हेच हवं होतं पोरीला. कुठल्याही औषधाला हे जमलं नसतं.

जवळ्यात बसलं की अंगाला तो चावतो. त्याच्या मिशा आणि सुकलेली टरफलं कातडीत रुततात, पायांवर हातांवर तांबडे टिपके उठतात. मनोरीत जवळ्याच्या हंगामात ज्या बाईच्या पायावर टिपके नाहीत ती आळशी समजावी. म्हणून एका सांजेला न्हाणीत पोरीच्या नडग्यांवर बारीक तांबडे टिपके दिसले तेव्हा मंजुळाला नवल वाटलं नाही. उलट गंमत वाटली. म्हणाली, लागला बाई जवळा तुलाही, आता तू खरी कोळीण. खोबरेल तेलात हळद कालवली आणि वाटी घेऊन पोरीच्या पायाशी बसली.

"खाजतंय का गो?"

"नाय," नमिता म्हणाली. "खाजत नाय."

"खाजंल. लाव."

मंजुळानं दोन्ही नडग्यांना हळद-तेल चोळलं. पाय पिवळेजर्द झाले. पोर हळदीच्या नवरीसारखी पाय पुढं करून बसली आणि तिची तीच हसली.

भांग आला. अनंतानं आपणहून विषय काढला, उद्या निघा म्हणाला. पण त्याच सांजेला आभाळ भरून आलं आणि अवकाळी शिंतोडे पडले. फार नाही, रस्ता भिजेल इतकेच. खळ्यावर शेवटचा जवळा अर्धा वाळलेला होता, तो भिजला. ताडपत्री टाकेपर्यंत भिजला. मग दोन दिवस तोच पुन्हा पसरायचा, उलटायचा, नाकाशी धरून बघायचा. त्यात भांग गेला. मंजुळा म्हणाली, पुढच्या भांगाला नक्की.

अवसेचं उधाण आलं. जवळा पुन्हा लोटून आला. ह्या वेळी पोर दुपारी खळ्यावरून उठून घरात जाऊन पडायला लागली. मंजुळानं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा रागावली. शाळेत जायच्या पोरी, दोन दिवसांची हौस, असं सुगंधाला म्हणाली. पोर उठून आली. तिनं पाटी कमरेवर घेतली आणि चार पावलं जाऊन खाली ठेवली. रात्री तिच्या कमरेवर हाताच्या पंजाएवढा काळानिळा डाग दिसला. पाटीची कड लागली असेल. सगळ्यांनाच लागते. मंजुळाच्या स्वतःच्या कमरेवर तसले डाग लग्नापासून होते.

डोळा असून न बघणं ही काही एकट्या मंजुळाची खोड नाही. माणसाला जे बघायचं नसतं त्याला तो नाव देऊन मोकळा होतो. टिपक्यांना जवळा म्हटलं, डागाला पाटी म्हटलं, झोपेला ऊन म्हटलं. सगळी नावं बरोबर होती. त्या खळ्यावर ह्या सगळ्या गोष्टी रोज कुणाला ना कुणाला होतच होत्या.

सुगंधानं मात्र एकदा बघितलं. पोरीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली आणि म्हणाली, "वयनी, पोरीच्या डोल्यात रगत दिसत नाय गो."

"उन्हात राबते. जेवत नाय धड."

"तारकेला गेलेली ना?"

"जायाचा हाय भांगाला," मंजुळा म्हणाली आणि खराटा जरा जोरातच मारायला लागली. सुगंधा पुन्हा वेचायला लागली. भावजयीच्या पोरीविषयी नणंदेनं किती बोलावं ह्यालाही माप असतं.

दुसरा भांग आला त्या सकाळी इस्पितळातून फोन आला. तिथं एक बाई असते, तारीख चुकवलेल्या पोरांच्या घरी फोन लावते. गोड आवाजात विचारते, काही अडचण आहे का, आम्ही काही मदत करू का. मंजुळा खळ्यावर उभी होती, हाताला जवळा चिकटलेला, फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. समोरची बाई इतकी गोड बोलत होती की आम्हाला वेळ झाला नाही, असं म्हणायची मंजुळाला लाज वाटली. तिच्या तोंडून निघून गेलं, "गावाला आलोय आमी. आल्यावर येतो."

मे महिन्यात अख्खी मुंबई गावाला जाते, त्यामुळे त्या बाईला ते पटलं. आल्या आल्या या हं, म्हणाली. मंजुळानं फोन ठेवला. गावाला म्हणजे कुठं? तिचं माहेर त्याच वाड्यात, सासर त्याच वाड्यात, देव समोरच्या देवळात. आजापणजापासून मनोरी हेच गाव. पण एकदा गावाला गेलोय म्हटल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कसं उगवायचं? तो भांगही तसाच गेला. आता पावसाळ्याला होड्या वर ओढल्या की निवांत जाऊ, असं तिनं अनंताला सांगितलं. अनंता हो म्हणाला. पण तो पोरीकडे बघत म्हणाला, आणि मंजुळाला ते आवडलं नाही.

वैशाखी पुनवेच्या उधाणात, हंगामातला सगळ्यात चांगला जवळा खळ्यावर पडलेला असताना, नमिताच्या नाकातून रक्त आलं. ती वाकून वेचत होती. पहिला थेंब जवळ्यावर पडला तो कुणाला दिसला नाही. मग धार लागली. पोरीनं ओंजळ नाकाशी धरली आणि आईकडे बघितलं. ती ओरडली नाही की रडली नाही. आपल्यामुळं जवळा खराब झाला म्हणून तिचं तोंड कसनुसं झालं होतं.

मंजुळानं तिला मागे टेकवलं, नाक दाबलं, डोक्यावर पाणी मारलं, कांदा हुंगवला. रक्त थांबेना. पदर भिजला, दुसरा कपडा भिजला. सुगंधा धक्क्याकडे पळत गेली. अनंता तेव्हा होडीत चढत होता, पाण्याला पुरती ओढ लागली होती आणि जाळं दर्यात पसरलेलं होतं. तो तसाच उतरून आला. भर उधाणात लावलेलं जाळं तसंच सोडून कोळी घरी आला तर वाड्यात समजतात की मयत झालं. दोघी-तिघी बाया विचारायलाही आल्या.

ओहोटी होती. मार्व्याला जाणारी बोट धक्क्याला लागत नव्हती, पुढं खडकाशी थांबली होती. तिथपर्यंत शेवाळलेल्या दगडांवरून, चिखलातून जायचं. अनंतानं पोरीला पाठुंगळीला घेतलं. बारा वर्षांची पोर, पाय लोंबत होते, बोटीत सुट्टीला आलेली माणसं बसलेली होती. ती बापाच्या कानात म्हणाली, "बाबा, सोड ना, मी चालते. सगले बघतात."

"बघू दे," अनंता म्हणाला. त्याचे पाय चिखलात पोटरीपर्यंत जात होते. मागून मंजुळा पिशवी घेऊन येत होती. पोरीच्या पायांवरचे टिपके आता नडग्यांवरून मांड्यांपर्यंत चढले होते, ते तिला उन्हात लख्ख दिसले. बोटीतल्या एका बाईनं नाक मुरडलं आणि सरकून बसली. तिघांच्याही अंगाला जवळ्याचा वास मारत होता.

इस्पितळात गंधाली मॅडमनी पोरीला टेबलावर निजवलं. नाकात बोळा घातला, रक्त काढायला लावलं, मग नेहमीसारखा गळा चाचपला, काखा चाचपल्या. बोटं थांबली. पोटावर डाव्या अंगाला पुन्हा थांबली. मंजुळानं दोन वर्षं जे बघायला नको म्हणून देवाला हात जोडले होते, ते तिच्या समोर झालं, आणि ते फार साधं होतं. नुसती बोटं थांबली.

मॅडम सहज बोलावं तसं बोलल्या. "गावाहून कधी आलात, मंजुळाताई?"

अनंतानं तिच्याकडे बघितलं. टेबलावरून नमितानं मान वळवली.

"आये, आपन गावाला कवा गेलेलो?"

मॅडमनाही कळलं असावं. त्यांनी नजर खाली वळवली आणि पोरीच्या नडगीवर अंगठा दाबला, दाबून धरला, उचलला. टिपके होते तसेच होते.

"हे कधीपासून आहेत?"

"जवळ्याचे हायेत मॅडम," मंजुळा घाईघाईनं म्हणाली. "सुक्या जवळ्याचे. आमाला सगल्यांनाच येतात. हलद लावलेली मी."

मॅडमनी मान हलवली. "पुरळ असतं ना, तर दाबल्यावर फिकं पडतं आणि पुन्हा लाल होतं. हे फिकं पडत नाही. हे कातडीखाली साकळलेलं रक्त आहे." त्यांनी पुन्हा एकदा दाबून दाखवलं. त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं, आईला कळावं म्हणूनच त्या दाखवत होत्या.

पोरीला त्याच दिवशी ठेवून घेतलं. कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला. मोठं दुखणं परत आलं होतं. मॅडमनी दोघांना वेगळं बसवून सांगितलं, आणि सांगताना काही लपवलं नाही. औषधं आहेत, पण पहिल्यापेक्षा कडक. पहिल्या वेळी बरी होणारी पोरं पुष्कळ असतात, परत आल्यावर बरी होणारी कमी. नमिता त्या कमीतली असू शकते. नसूही शकते. लढायचं आहे, एवढं म्हणून त्या थांबल्या.

अनंता खाली फरशीकडे बघत होता. मंजुळानं विचारलं. ते विचारल्यावाचून तिला तिथून उठताच आलं नसतं.

"तारकेला आलो असतो तर?"

मॅडम म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार. कदाचित त्या वेळी रक्तात काही दिसलंही नसतं. कदाचित दिसलं असतं. थोडं आधी कळलं असतं तर ती आज एवढी अशक्त नसती, एवढंच मी नक्की सांगू शकते. बाकीचं कुणालाच ठाऊक नाही."

ठाम सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्यामुळं झालं म्हणाल्या असत्या तर मंजुळानं ऊर बडवून घेतला असता. तुझ्यामुळं नाही म्हणाल्या असत्या तर पाय धरले असते. हे ‘कदाचित’ घेऊन आता जन्मभर काय करायचं, हे तिला कळेना. बाहेर बाकड्यावर येऊन ती बसली. तेच बाकडं, जिथं बसून दर तीन महिन्यांनी ती ‘छान आहे’ ऐकायची वाट बघायची. अनंता शेजारी बसला.

"एकटीवर घेऊ नको," तो म्हणाला. "मना पन पायजे होता जवळा."

मंजुळानं त्याच्याकडे बघितलं नाही. नवऱ्यानं वाटा उचलला, पण ओझं काही हललं नाही. जवळा तर सगळ्यांनाच हवा होता. खाजत नाही, हे पोरीनं सांगितलं होतं ते एकटीला, तिला. हिनंच विचारलं होतं, पोरीनं खरं सांगितलं होतं, आणि हिनं ऐकून वर म्हटलं होतं, खाजंल.

दुसऱ्या दिवशी सलाइन लागलं. नमितानं सगळं ओळखलं. तिला ते बाटलीचं स्टँड ओळखीचं होतं, नर्सचं हसणं ओळखीचं होतं, आईच्या तोंडावरचं ते खोटं कौतुकही ओळखीचं होतं. सात वर्षांची होती तेव्हा तिनं किंचाळून वॉर्ड डोक्यावर घेतला होता. आता ती गप्प होती आणि ते बघवत नव्हतं. तिनं वेणी पुढं घेतली आणि शेंड्याशी खेळत बसली. मग म्हणाली, "या टायमाला तूच काप. तो मानूस मशीन फिरवतो, आवाज कानात जातो."

मंजुळानं मान हलवली.

"घरची कातर आन. जाल्याची नको, दुसरी."

कातर आणायला, कपडे आणायला, देवापुढं दिवा लावायला मंजुळा मनोरीला आली. अनंता पोरीपाशी थांबला. ती बोटीतून उतरली तेव्हा भरती होती, बोट थेट धक्क्याला लागली, पायाला चिखलही लागला नाही. वाटेत भेटेल तो विचारत होता, कशी हाय पोर, आणि ती हाय म्हणत पुढं जात होती. अनंताचं जाळं उधाणानं फाडलं होतं, फाटका तुकडा कुणीतरी आणून ओट्यावर टाकला होता. खळं झाडून घेतलेलं होतं. सुगंधानं एकटीनं तो सगळा जवळा वाळवला होता, चाळला होता, गोणीत भरून भिंतीला लावला होता. रक्त पडलेला तेवढा वेगळा काढून दर्यात टाकला, असं तिनं खाली बघत सांगितलं. उरलेला असा जमला होता की हंगामात तसा कुणाचाच नसेल, गुलाबी, खडखडीत, हातात घेतला तर वाजेल असा.

मंजुळा पायरीवर टेकली. लुगडं नडगीवरून वर सरकलं. तिच्या पायांवर टिपके होते, बारीक तांबडे, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, दर वर्षी येतात तसे. तिनं एका टिपक्यावर अंगठा दाबला. दाबून धरला. उचलला. तिथं पांढरं झालं होतं, आणि बघता बघता लाली परत आली. तिनं दुसऱ्यावर दाबला. तोही पांढरा झाला आणि परत आला. मग तिसऱ्यावर. इतकं सोपं होतं. त्याला शाळा लागत नव्हती, डॉक्टर लागत नव्हता, ना बोट, ना गुरुवार. हळदीची वाटी घेऊन ती ह्याच पायरीवर पोरीच्या पायाशी बसली होती तेव्हा अंगठा तर तिच्या हाताला होताच.

ती दाबत राहिली. सुगंधा दारात उभी राहून बघत होती. भावजय आपल्याच पायाला काय करते आहे ते तिला कळेना. शेवटी तिनं हळूच विचारलं, "खाजतंय का गो?"

मंजुळानं अंगठा उचलला नाही.

"हां," ती म्हणाली. "मना खाजतंय."

सुगंधा हळद-तेलाची वाटी आणायला आत गेली.